घरकुलाचा दर्जा: फोटोत न दिसणारं कधी आणि कसं तपासायचं?

ओळंबा (धागाकर्ता)

प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६ साली इंदिरा आवास योजनेच्या जागी आली. घराचं किमान क्षेत्रफळ २० वरून २५ चौरस मीटर झालं, म्हणजे साधारण २६९ चौरस फूट. सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगराळ आणि दुर्गम भागात १ लाख ३० हजार रुपये मदत. त्याशिवाय रोहयोतून ९० ते ९५ दिवसांची अकुशल मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार. मार्गदर्शक सूचनांप्रमाणे यात ठेकेदाराला जागा नाही, घर लाभार्थ्यानेच बांधून घ्यायचं. हप्ता सुटतो तो आवास ॲपवर चढवलेल्या जिओटॅग फोटोवर.

फोटोवरून जोतं झालं, लिंटल (दारा-खिडक्यांवरची आडवी तुळई) झालं, छत पडलं एवढं कळतं. जोत्यात काळी माती भरली की मुरूम, स्लॅबच्या सळईखाली कव्हर (सळई झाकणारा काँक्रीटचा थर) आहे की सळई साच्याच्या प्लेटांना टेकली आहे, मालात किती पाणी ओतलं, हे त्यातून कळत नाही. आणि घराचं आयुष्य नेमकं यावरच ठरतं. प्रत्येक टप्प्यावर काहीतरी कायमचं झाकलं जातं. म्हणून तपासणी टप्पा संपल्यावर करून उपयोग नाही, ती झाकण्याच्या आदल्या दिवशी झाली पाहिजे.

माझ्या मते घरकुलात असे थांबायचे क्षण पाच आहेत:

१. खोदाई पूर्ण झाली, पण पायाचं पीसीसी (सळईविना साधं काँक्रीट) पडलेलं नाही.
२. जोत्याच्या भिंती झाल्या, पण भराव झाकला गेलेला नाही.
३. लिंटल पट्ट्याची सळई बांधली, पण माल ओतलेला नाही.
४. स्लॅबचं स्टील बांधून तयार आहे, पण काँक्रीट सुरू झालेलं नाही.
५. स्लॅब पडला, पण टेकू काढलेले नाहीत.

यातला चौथा सगळ्यात मोलाचा. बाकीच्या चुका पैसे घालून काही प्रमाणात दुरुस्त करता येतात, स्लॅबच्या आत राहिलेली चूक जवळपास नाहीच. प्रत्येक क्षणी नेमकं काय पाहायचं ते जाणकारांनी मापासकट लिहावं.

मुरूम

पहिल्या दोन क्षणांबद्दल लिहिते.

मराठवाडा आणि विदर्भात घरकुलाला तडे जाण्याचं मोठं कारण म्हणजे काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि पाया वरखाली होतो. दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यातून तिरके तडे निघाले असतील तर आधी पायावर संशय घ्यावा, गिलाव्यावर नंतर.

दीड मीटरच्या आत मुरूम लागत असेल तर तिथपर्यंत खोदावं, विषय संपला. लागत नसेल तर चर रुंद घ्यावा, तळाशी आणि दोन्ही बाजूंना न फुगणारा मुरूम १५-१५ सेंटिमीटरच्या थरांत पाणी मारून ठोकावा आणि जोत्याच्या पातळीवर सलग आरसीसी (सळई घातलेल्या काँक्रीटचा) पट्टा द्यावा. काळी माती फार खोल असेल तर खालून फुगीर, अंडर-रीम्ड पाइल (जमिनीत खोल उतरवलेला काँक्रीटचा खांब) हा खरा उपाय. पण त्याला अवजार आणि अनुभवी माणूस लागतो, म्हणून एकट्या घरासाठी तो अवघड पडतो. वस्तीत दहा-पंधरा घरं एकदम मंजूर असतील तर मिळून करता येतो.

खोदाई पाहताना तळ सपाट आहे ना, मोकळी माती काढली ना, सगळीकडे एकाच जातीचा थर लागला ना, हे बघा. अर्धा पाया मुरमावर आणि अर्धा भरावावर असेल तर घर मधोमध तुटतं. चर उघडा टाकून आठवडे घालवू नका. तळ सुकून भेगाळतो आणि वर पीसीसी टाकलं की त्या भेगा तशाच आत राहतात.

आता जोत्यातला भराव. पायाच्या खोदाईतून निघालेली काळी माती उचलून थेट जोत्यात भरली जाते, कारण ती फुकट आणि हाताशी असते. पहिल्या पावसाळ्यानंतर लादी उचलली जाते आणि जोत्याच्या भिंती बाहेर ढकलल्या जातात. जोत्यात मुरूमच हवा, तोही थर देऊन ठोकलेला. एकदम दोन फूट भरून वरून पाणी सोडणं म्हणजे दबाई नव्हे. जोतं आजूबाजूच्या जमिनीपेक्षा किमान ४५ सेंटिमीटर उंच घ्या. घराभोवती पाऊण मीटर रुंदीची, बाहेर उतार असलेली फरसबंदी केली तर छताचं पाणी पायात मुरत नाही. काळ्या मातीत ही फरसबंदी पायाइतकीच महत्त्वाची आहे आणि पैसे संपले की नेमकी तीच वगळली जाते.

वाळूचाळण

मुरूम ताईंशी सहमत. मी सामानाबद्दल लिहितो, कारण माल खराब असेल तर कारागिरी कितीही चांगली असो, निभावत नाही.

*वाळू.* घरकुल लाभार्थ्याला ५ ब्रासपर्यंत वाळू मोफत देण्याचं राज्याचं धोरण आहे. ब्रास म्हणजे १०० घनफूट. मिळणारी वाळू गाळाची आहे का, ते आधी पाहा. काचेच्या उभ्या बरणीत निम्म्यापर्यंत वाळू, वर मिठाचं पाणी, जोरात हलवून तीन तास ठेवा. वर बसलेला गाळाचा थर वाळूच्या उंचीच्या ८ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर वाळू धुऊन घ्या. दगडाची क्रश वाळू असेल तर भुकटी जास्त नाही ना हे पाहा, नाहीतर माल पाणी पीत राहतो आणि वरच्या पृष्ठावर बारीक जाळीसारखे तडे येतात.

*ओल्या वाळूचा फुगवटा.* ओली वाळू फुगलेली असते. बादलीत वाळू सैल भरा, उंची मोजा, समजा २० सेंटिमीटर. मग पाण्याने पूर्ण भिजवून ढवळा आणि बसू द्या. आता ती १६ सेंटिमीटर भरली तर फुगवटा २५ टक्के. म्हणजे १:६ च्या मालात ६ पेट्यांऐवजी साडेसात पेट्या ओली वाळू घ्यायची. न घेतल्यास माल आपोआप सिमेंटने जड होतो आणि सिमेंटच्या गोणीचा हिशेब चुकतो.

*मोजमाप.* घमेल्याने मोजणं बंद करा. घमेली वेगवेगळ्या आकाराची असतात आणि कधी काठोकाठ, कधी ढीग लावून भरतात. आतून ४० × ३५ × २५ सेंटिमीटरची लाकडी पेटी करून घ्या. तिच्यात बरोबर ३५ लिटर मावतं आणि ५० किलोच्या सिमेंटच्या गोणीचं आकारमान तेवढंच असतं. एम २० दर्जाच्या काँक्रीटसाठी एक गोणी, दीड पेटी वाळू, तीन पेट्या खडी.

*सिमेंट.* गोणीवर आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं, तीन महिन्यांपेक्षा जुनी गोणी आरसीसीला नको. पहिल्या हप्त्यात सगळ्या घराचं सिमेंट घेऊन ठेवण्याची घाई करू नका. जमिनीपासून वर फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर दूर, दहा गोण्यांपेक्षा उंच थप्पी नको. हात घातल्यावर खडे लागत असतील आणि ते बोटांनी फुटत नसतील तर ती गोणी बाजूला.

*वीट.* दोन विटा एकमेकींवर आपटल्यावर खणखणीत आवाज यावा, नखाने ओरखडा पडू नये, मीटरभर उंचीवरून पडून तुकडे होऊ नयेत. वजन करून २४ तास पाण्यात ठेवा: ३ किलोची कोरडी वीट ३ किलो ६०० ग्रॅमच्या वर जाऊ नये. मातीची वीट बांधकामाआधी भिजवलीच पाहिजे, नाहीतर ती सांध्यातलं पाणी ओढून घेते आणि माल भुसभुशीत होतो. राखेच्या विटेला नुसतं शिंपडणं पुरतं.

गुण्या

स्टीलबद्दल राहिलं. गावात बारीक सळई '८ एमएम' म्हणून खपवली जाते. वजन करा. सूत्र सोपं आहे: व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला इतके किलो. १२ मीटरची ८ मिमी सळई ४.७४ किलो भरली पाहिजे, १० मिमी ७.४ किलो, १२ मिमी १०.६६ किलो. मानकात ८ आणि १० मिमीला ७ टक्के आणि १२ मिमीला ५ टक्के इकडेतिकडे चालतं. एकच सळई न मोजता पाच-दहा एकत्र मोजून सरासरी काढा. प्रत्येक सळईवर उठावात कंपनीचं नाव आणि दर्जा असतो. बिनखुणेची, भंगारातून ओढलेली सळई वाकवताना चिरते.

मुख्य सळयांभोवतीच्या रिंगांचे हूक ९० अंशात वाकवून सोडतात, ते १३५ अंशात आत वळले पाहिजेत आणि हुकाची शेपटी व्यासाच्या ६ पट, पण ६५ मिमीहून कमी नको. ९० अंशाची रिंग भूकंपात उघडते. लॅप (दोन सळया जोडताना एकमेकींवर येणारी लांबी) व्यासाच्या ५० पट धरा: १० मिमीला ५० सेंटिमीटर. सगळे लॅप एकाच ठिकाणी नकोत.

थापी

मुद्दा क्रमांक ३ कडे येऊ. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात लातूर-धाराशिव भागात हजारो माणसं गेली, ती मुख्यतः मातीच्या सांध्यातल्या जाड दगडी भिंती आणि वरची माळवदं कोसळून. भिंती एकमेकींना बांधलेल्याच नव्हत्या. विटेच्या घरालाही तोच धोका असतो, फक्त वजन कमी असतं.

म्हणून जोतं आणि लिंटल या दोन्ही पातळ्यांवर सगळ्या भिंतींवरून सलग फिरणारा पट्टा हवा. उतरतं पत्र्याचं छत असेल तर छताच्या पातळीवरही. दोन सळयांच्या पट्ट्याची जाडी किमान ७५ मिमी, आडव्या कड्या १५० मिमीवर. फक्त दारा-खिडकीवर तुटक लिंटल टाकणं म्हणजे पट्टा नव्हे. कोपऱ्यात सळई सरळ तोडून ठेवू नका, ती वळवून दुसऱ्या भिंतीत पुरेशी आत न्या. कोपरा हाच पट्ट्याचा जीव आहे.

आणखी एक मत मांडतो, काहींना पटणार नाही. २५ चौरस मीटरच्या एकमजली घराला नऊ इंची भारवाही भिंती आणि नीट पट्टे पुरेसे आहेत. 'पिलरचं घर मजबूत' या समजुतीपायी ९ × ९ इंचाचे बारीक खांब उभे केले जातात. आत चार सळया, रिंगा फूटभर अंतरावर, माल वरून ओतलेला, खाली खडी उघडी पडलेली. असा खांब भिंतीपेक्षाही कच्चा असतो आणि त्यात गेलेलं सिमेंट-स्टील पट्ट्यांना कमी पडतं.

गुण्या

थापी, अंशतः असहमत. पुढे मजला चढवायची इच्छा जवळपास प्रत्येक कुटुंबाची असते आणि ते गैर नाही. पण तसं असेल तर पाया आणि खांब दोन मजल्यांसाठी अभियंत्याकडून काढून घ्यावेत. अंदाजाने उभे केलेले खांब नकोत, यावर आपलं एकमत आहे.

ओळंबा

चर्चा छान चालली आहे. स्लॅबकडे येऊ का?

पाणपातळी

स्लॅबसाठी हिशेब मांडतो, म्हणजे मिस्त्रीशी बोलताना आकडे हातात राहतील.

छज्जे सोडून ३० चौरस मीटरचा स्लॅब, जाडी १०० मिमी: ३ घनमीटर काँक्रीट. एम २० ला घनमीटरमागे सुमारे ८ गोण्या, म्हणजे २४ ते २५ गोण्या. कोणी १६ गोण्यांत स्लॅब बसवून देतो म्हणाला, तर एकतर जाडी कमी आहे किंवा माल पातळ आहे.

पाणी हा सगळ्यात मोठा मुद्दा. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे एम २० ला ५० किलोच्या गोणीमागे जास्तीत जास्त ३० लिटर. वाळू ओली असेल तर तिच्यातलं पाणी यातूनच वजा. दीड पेटी वाळू सुमारे ८० किलो, तिच्यात ४ टक्के ओल असेल तर ३ लिटरहून जास्त पाणी आधीच आलंय, म्हणून वरून २७ च्या आतच घाला. प्रत्यक्षात मिक्सरवर पाइप सोडलेला असतो. ३० ऐवजी ४० लिटर गेले तर ताकदीचा तिसरा हिस्सा सहज जातो आणि सुकताना तडे पडतात ते वेगळेच. पाइप बंद करा. १० लिटरच्या बादल्या भरून ठेवा आणि गोणीमागे जास्तीत जास्त तीन बादल्या द्या. काम उक्तं असेल तर माल पातळ करण्याचा मोह जास्त असतो, कारण पातळ माल पटकन पसरतो आणि दिवस लवकर संपतो. घट्ट माल बसवायला व्हायब्रेटर लागतो, त्याचं भाडं आधीच बोलीत धरा.

काँक्रीट सुरू होण्याआधी वर चढून हे पाहा:

प्लेटांच्या फटीतून सिमेंटचं पाणी गळतं, त्या बुजवलेल्या हव्यात. टेकूखाली फळी हवी. ओल्या भरावावर उभा टेकू स्लॅबच्या वजनाने खचतो आणि स्लॅब मधे झोळ घेतो.

सळईखाली २० मिमीचे कव्हर ब्लॉक हवेत, खडीचे तुकडे किंवा फरशीचे कपचे नकोत, ते सरकतात. १:२ मालाचे ब्लॉक आठ-दहा दिवस आधी पाडून भिजवून ठेवावेत. कव्हर नसेल तर काही वर्षांत सळई गंजून फुगते आणि छताचे पापुद्रे पडतात.

छज्जा हा फार चुकीचा होणारा भाग आहे. छज्जा भिंतीतून बाहेर लटकतो, त्याचा ताण वरच्या बाजूला असतो, म्हणून मुख्य सळई वर हवी. ती खाली टाकली किंवा वर बांधून नंतर माणसांच्या पायाखाली दबून खाली गेली, तर सेंटरिंग (खालच्या प्लेटा आणि टेकू) काढताना किंवा पावसाळ्यात छज्जा सरळ खाली येतो. सळईच्या खुर्च्या लावा आणि मजुरांना चालायला फळ्या टाका. टेप लावून वरून सळईपर्यंतची खोली मोजा आणि तोच फोटो काढून ठेवा. हप्त्यासाठी लागत नसला तरी लाभार्थ्याच्या हातात पुरावा राहतो.

स्लॅब एका दिवसात, न थांबता. जेवणाची सुट्टी पाळीपाळीने घ्या.

करणी

घन चाचणीबद्दल कुणी बोललं नाही. १५० मिमीचे तीन साचे भरून २८ दिवसांनी फोडले तर खरी ताकद कळते. सरकारी पैशाच्या कामात ही सक्तीची का नसावी?

पाणपातळी

करणी, चाचणी चांगलीच आहे, पण ३ घनमीटरच्या एका घरासाठी तिचा निकाल येईपर्यंत स्लॅब कडक झालेला असतो आणि टेकूही निघालेले असतात. निकाल वाईट आला तर लाभार्थ्याने काय पाडायचं? मी आधी पाण्यावर आणि मोजपेटीवर पहारा ठेवेन. गावात एकाच मिस्त्रीकडे अनेक घरकुलं असतात, तर त्याच्या पहिल्या घराचे घन करावेत. निकाल पुढच्या घरांआधी हाती येतो आणि मिस्त्रीलाही आपला माल कुठे आहे ते कळतं.

करणी

हे पटलं. मिस्त्रीनिहाय चाचणी, घरनिहाय नाही. योजनेत ४५ दिवसांचं ग्रामीण गवंडी प्रशिक्षण आहेच, तिथे शिकणाऱ्याने स्वतः भरलेले घन त्याच्यासमोर फोडून दाखवले तर तीन बादल्यांचा नियम त्याला कुणी वेगळा सांगावा लागणार नाही.

जोतंवाला

नवीन सदस्य. आमच्या घरकुलाचा स्लॅब एप्रिलअखेर पडणार आहे. गावात टँकर येतो. पाणी किती दिवस मारावं लागेल? आणि मिस्त्री पाचव्या दिवशी सेंटरिंग काढायचं म्हणतो, त्याला प्लेटा दुसरीकडे न्यायच्या आहेत.

पाणपातळी

दादा, दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत.

सेंटरिंग: साध्या सिमेंटला ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याचे टेकू किमान ७ दिवस ठेवायचे. तुमच्या गोणीवर पीपीसी (राखेसारखं पूरक द्रव्य मिसळलेलं सिमेंट) लिहिलेलं असेल, बहुतेक असतंच, तर त्याची ताकद सुरुवातीला हळू चढते. १४ दिवस ठेवा. बीम असेल तर त्याखालचे टेकू १४ दिवसांआधी अजिबात हलवू नका. मिस्त्रीला प्लेटांचं वाढीव भाडं द्यावं लागलं तरी द्या, आणि हे स्लॅबच्या आधी ठरवा.

पाणी: पीपीसी आणि उन्हाळा, म्हणजे किमान १० दिवस, जमल्यास १४. सकाळ-संध्याकाळ पाइप मारणं एप्रिलच्या उन्हात निरुपयोगी, दोन तासांत स्लॅब कोरडा होतो. दुसऱ्या दिवशी कच्च्या मालाच्या बारीक कडा घालून आळी करा आणि ५ सेंटिमीटर पाणी साठवा. ३० चौरस मीटरला ते १,५०० लिटर होतं. त्यानंतर रोज फक्त उडालेलं भरायचं.

मुरूम

टँकरचं पाणी कमी असेल तर आळ्यांऐवजी ओलं गोणपाट पसरून वर प्लास्टिक कागद अंथरा, कडांवर विटा ठेवा. वाफ अडते, पाणी बरंच वाचतं. गोणपाट दिवसातून एकदा उचलून पाहा, कोरडं वाटलं तर भिजवा. काँक्रीट शक्यतो पहाटे सुरू करा. खडीच्या ढिगावर आदल्या संध्याकाळी पाणी मारून तो सावलीत झाका, म्हणजे माल तापत नाही. त्या खडीतलं पाणीही ३० लिटरच्या हिशेबात धरा. दुपारी वारा असेल तर घोटून झालेला भाग लगेच प्लास्टिकने झाका. पहिल्या काही तासांतले केसासारखे तडे वाऱ्यानेच पडतात.

जोतंवाला

गोणी पीपीसीच आहे. प्लेटांचं भाडं वाढवून १४ दिवसांचं ठरवतो. छज्जाच्या सळईचा फोटो इथे टाकला तर पाहाल का?

गुण्या

नक्की टाका. फोटो काढताना टेप सळईला उभी लावा, म्हणजे आकडा वाचता येईल. आणि भिंतीवरून सळई आत स्लॅबमध्ये किती गेली आहे तेही दिसू द्या. छज्जा जितका बाहेर आहे किमान तेवढी आत गेली पाहिजे. कमी असेल तर काँक्रीटच्या आधी तिथे सळया वाढवून ५० पटीचा लॅप द्या.

ओळंबा

स्टील बांधून झालं की काँक्रीटच्या आदल्या दिवशीच तुमच्या भागाच्या ग्रामीण गृहनिर्माण अभियंत्यालाही कळवा. फोनवर सांगा आणि लेखी संदेशही पाठवा, तारीख राहते. त्यांच्याकडे बरीच गावं असतात, म्हणून दोन-तीन दिवस हाताशी ठेवून स्लॅबचा दिवस ठरवा.